अँटिबॉडीची पकड महिन्यांनी घट्ट कशी होते? (टॉक्सोच्या ‘हाय अ‍ॅव्हिडिटी’ रिपोर्टबद्दल विचारलंय त्यांच्यासाठी)

नमस्कार बाब,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिसेसना गरोदरपणाचा नववा आठवडा, टॉर्च प्रोफाइलमध्ये (बाळाला बाधू शकणाऱ्या संसर्गांची रक्ततपासणी) टॉक्सोची, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून किंवा कच्च्या मांसातून येणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा जंतूविरुद्धची, आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम पण पॉझिटिव्ह (दोन्ही अँटिबॉडीच्याच जाती), मग डॉक्टरांनी आयजीजी अ‍ॅव्हिडिटी (आयजीजी किती घट्ट धरते याची टेस्ट) करून घेतली, ती ‘हाय’ आली आणि त्या म्हणाल्या घाबरू नका, संसर्ग जुना आहे. तुम्हाला पटत नाही ते हे, की अँटिबॉडी एकदा बनली की बनली, ती महिने गेले म्हणून आपोआप जास्त घट्ट धरायला कशी लागेल, आणि जे पटतच नाही त्याच्यावर बाळाबद्दल निर्धास्त कसं व्हायचं. शिवाय शेवटच्या ओळीत लिहिलंय की घरातलं मांजर सोडून द्यायचं चाललंय, आणि लसींचंही विचारलंय.

मी गोव्यात म्हापशाला सेरॉलॉजी, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीच्या टेस्ट, बघते, २२ वर्षं झाली, ही टेस्ट स्वतःच्या हाताने पुष्कळदा लावलीय म्हणून जरा सविस्तर लिहिते. एक आधीच सांगते, मला नळीतलं सीरम दिसतं, तुमच्या डॉक्टरांना पेशंट दिसतो, सोनोग्राफी दिसते, आधीचे कागद दिसतात, त्यामुळे औषधाचा निर्णय त्यांचाच. मी फक्त त्या ‘हाय’ शब्दाच्या मागे काय घडलेलं असतं ते सांगू शकते.

तुमची शंका अर्धी बरोबर आहे बरं का. अँटिबॉडी सुधारत नाहीच. ती एक प्रोटीन आहे, कारखान्यातून बाहेर पडली तशीच शेवटपर्यंत राहते, आणि रक्तातली आयजीजी साधारण तीन आठवड्यांत निम्मी होते. म्हणजे मिसेसच्या रक्तात आज जी आयजीजी सापडली ती बहुतेक गेल्या दोन-तीन महिन्यांतच बनलेली. संसर्ग दोन वर्षांपूर्वीचा असला तरी तेव्हाची अँटिबॉडी आज शिल्लक नसते. बदलतात त्या अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी, आणि त्यासुद्धा काही शिकत नाहीत, त्यांच्यात निवड होते. हे एवढं नीट बसलं की रिपोर्टचं बाकी सगळं उलगडतं, म्हणून इथेच थोडा वेळ काढू.

मानकुराद आंब्याचं बघा. कोय पेरून आलेलं झाड आईसारखंच निघेल याची खात्री नसते, एखादं आंबट, एखादं रेषाळ, एखादं मात्र मूळ झाडापेक्षा सरस. मग माणूस काय करतो, जे सरस निघालं त्याचीच कलमं बांधतो, पुन्हा त्यातलं चांगलं निवडतो. कुठलाही आंबा स्वतः गोड व्हायला शिकला नाही, पण काही पिढ्यांनी बाग गोड झाली. शरीरात बी पेशींच्या बाबतीत नेमकं हेच होतं, फक्त पिढी काही तासांची असते आणि निवडणारा माणूस कोणी नसतो, टंचाई निवड करते.

सुरुवात अशी. जन्मापासून आपल्याकडे लाखो-कोटी वेगवेगळ्या बी पेशी असतात, प्रत्येकीच्या अंगावर स्वतःच्या एकाच घाटाची अँटिबॉडी रोवलेली. हे घाट जनुकांचे तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून तयार होतात, सुसुमु तोनेगावांना १९८७ चं नोबेल त्याबद्दलच मिळालं. आता टॉक्सोचा जंतू शरीरात शिरला की या गर्दीतल्या काही पेशींचा घाट त्याला जेमतेम बसतो. जेमतेम म्हणजे काय तर धरलं आणि काही सेकंदांत सुटलं अशी पकड. पण वेळ नसतो, म्हणून त्याच पेशी घाईघाईने वाढतात आणि पहिली फळी पाठवतात, ती मुख्यतः आयजीएम.

आयजीएमची एक युक्ती लक्षात ठेवा. तिचा एकेक हात ढिला असतो पण हात दहा. भात कापणीच्या दिवसांत शेतातून चालून आलात की पायजम्याला कुसळं लागतात ना, एक कुसळ बोटाने सहज निघतं पण पन्नास लागली की कापड सोडत नाहीत, तसं. एका हाताच्या पकडीला अ‍ॅफिनिटी म्हणतात, सगळ्या हातांनी मिळून जे धरलं जातं ती अ‍ॅव्हिडिटी. आयजीजीला हात दोनच, त्यामुळे तिला दहा हातांचा आधार नाही, तिची अ‍ॅव्हिडिटी वाढायची तर एकेक हात घट्टच व्हावा लागतो. म्हणून टेस्ट आयजीजीवर लावतात.

आता मुख्य भाग. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं हे तुम्हाला माहीत असेल. ती सुजलेली गाठ म्हणजेच हा कारखाना. टॉक्सोमध्ये पुष्कळांना काहीच जाणवत नाही, पण ज्यांना जाणवतं त्यांच्यात मानेतल्या गाठी सुजणं हेच ठळक लक्षण. अशा गाठीच्या आत, संसर्गानंतर साधारण आठवडाभराने, छोटे छोटे गोल भाग तयार होतात, त्यांना जर्मिनल सेंटर म्हणतात. प्रत्येकाचे दोन भाग, मायक्रोस्कोपखाली एक गडद दिसतो एक फिकट.

गडद भागात बी पेशी भराभर दुभंगतात, काही तासांत एकीच्या दोन. आणि दुभंगताना एक विलक्षण गोष्ट करतात, स्वतःच्याच अँटिबॉडीच्या जनुकात मुद्दाम चुका पाडतात. एआयडी नावाचं एन्झाइम आहे, ते डीएनएमधल्या सी या अक्षराचं यू करून टाकतं, आणि मग दुरुस्ती करणारी यंत्रणा ते नीट जुळवायच्या ऐवजी तिथे भलतंच अक्षर बसवते. हे एन्झाइम जपानात तासुकु होंजोंच्या लॅबने १९९९ मध्ये शोधलं. शरीरात इतर ठिकाणी डीएनएची नक्कल जिवापाड जपली जाते, इथे मात्र दर हजार अक्षरांमागे एक असा चुकांचा दर पडतो, नेहमीच्या सुमारे दहा लाख पट. अँटिबॉडीचं टोक ठरवणारा भाग दोन्ही साखळ्या मिळून सातशेच्या आसपास अक्षरांचा, म्हणजे दर एक-दोन विभाजनांमागे एखादी चूक आलीच. आणि चुका जास्त करून त्या टोकाच्या वळणांतच पडतात जिथे अँटिजेन, म्हणजे जंतूचा पकडायचा तुकडा, बसतो.

या चुका आंधळ्या असतात. बहुतेकींनी काही फरक पडत नाही किंवा पकड बिघडतेच, काही वेळा तर प्रोटीन नीट घडीच होत नाही. अगदी थोड्या चुकांनी पकड किंचित सुधारते. मग त्या थोड्या वेगळ्या काढायच्या कशा? इथे फिकट भागाचं काम सुरू होतं.

फिकट भागात फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशी जंतूचे तुकडे स्वतःच्या अंगावर जपून ठेवतात, आठवडे, कधी महिनेसुद्धा. नव्या घाटाची बी पेशी तिथे येते आणि तो तुकडा अक्षरशः ओढून घ्यायचा प्रयत्न करते. पकड घट्ट असेल तर तुकडा निघतो, ती तो गिळते, आत चिरून त्याचे बारीक भाग स्वतःच्या अंगावर मांडते आणि शेजारच्या टी पेशीला, म्हणजे बी पेशींना मदत करणाऱ्या दुसऱ्या जातीच्या पेशीला, दाखवते. जिने जास्त ओढून आणलं तिच्या अंगावर जास्त माल दिसतो, टी पेशी तिलाच जास्त वेळ देते, जगायचा आणि पुन्हा दुभंगायचा इशारा देते. जिने काही आणलं नाही तिला इशारा मिळत नाही आणि ती काही तासांत मरते. जर्मिनल सेंटरमध्ये मरणाऱ्या पेशी अमाप असतात, स्लाइडवर तुम्ही बघितलंत तर मेलेल्या पेशींचे तुकडे पोटात घेतलेले मॅक्रोफेज, म्हणजे साफसफाई करणाऱ्या पेशी, ठिकठिकाणी दिसतात.

जिंकलेल्या पेशी परत गडद भागात जातात, पुन्हा चुका, पुन्हा फिकट भाग, पुन्हा परीक्षा. जिला मदत जास्त मिळाली ती परत जाऊन जास्त वेळा दुभंगते. असे फेरे आठवडेच्या आठवडे चालतात. आणि दर फेऱ्याला परीक्षा अवघड होते कारण एक तर माल संपत जातो, आणि दुसरं म्हणजे आधी बाहेर पडलेल्या चांगल्या अँटिबॉडी रक्तातून परत येऊन तिथल्या तुकड्यांवर आधीच बसतात, त्यामुळे नवीन पेशीला त्यांच्या हातातून ओढून घ्यावं लागतं. पास व्हायचे मार्क आपोआप वर सरकतात. मला या सगळ्या यंत्रणेतलं हे सगळ्यात सुंदर वाटतं, कुठेही कोणी हिशेब ठेवत नाही आणि तरी दर्जा चढतच जातो.

टंचाईचं हे काही नुसतं तर्कट नाही. १९६४ मध्ये हर्मन आयझन आणि ग्रेगरी सिस्किंड यांनी सशांना डीएनपी नावाचं छोटं रसायन प्रोटीनला जोडून टोचलं आणि पुढे आठवडेभर त्यांच्या अँटिबॉडीची पकड मोजली. पकड वेळेनुसार वाढत गेली, आणि ज्यांना डोस कमी दिला त्यांच्यात जास्त वाढली. त्या वेळी ना एआयडी माहीत होतं ना जर्मिनल सेंटरमधली ही स्पर्धा, पण निकाल आजच्या समजुतीत तंतोतंत बसतो. माल मुबलक असला की ढिल्या पेशीही तरतात.

किती सुधारते? ढोबळ सांगायचं तर शंभर ते हजार पट, कधी त्याहून जास्त. आणि सुधारणा होते ती मुख्यतः सुटण्याच्या बाजूने, म्हणजे अँटिबॉडी जाऊन चिकटते साधारण त्याच वेगाने पण सोडते फार उशिरा, सेकंदांच्या जागी तासभर धरून बसते. याला एक मर्यादाही आहे. बी पेशी अँटिजेन धरल्यावर काही मिनिटांत तो आत ओढते, तेवढा वेळ जिची पकड टिकली ती पास, त्याहून दहापट टिकणारीला वेगळं बक्षीस मिळत नाही, त्यामुळे एका पातळीच्या पुढे निवडीचा जोर संपतो.

शेवटी या निवडलेल्या पेशींपैकी काही प्लाझ्मा पेशी होतात, हाडांच्या मगजात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं तीच सुधारलेली आयजीजी बनवत राहतात. काही मेमरी पेशी म्हणून थांबतात. तुमच्या मिसेसच्या रिपोर्टमधली ‘हाय’ आयजीजी त्या मगजातल्या पेशींची. अँटिबॉडी ताजी, पण घाट जुन्या निवडीतून आलेला.

एक गैरसमज इथेच काढून टाकते कारण विद्यार्थीसुद्धा यात अडकतात. आयजीएमची आयजीजी झाली म्हणजे पकड सुधारली असं नाही. तो फक्त अँटिबॉडीचा दांडा बदलणं झालं, धरणारं टोक तेच राहतं. दोन्ही कामं एआयडीच करतं म्हणून गल्लत होते. ज्या मुलांमध्ये हे एन्झाइम जन्मतः नसतं त्यांच्यात दोन्ही अडतात, रक्तात आयजीएमच भरपूर, जनुकात चुका नाहीत, गाठी मोठ्या मोठ्या आणि संसर्ग पुन्हा पुन्हा. तसंच टायटर जास्त म्हणजे पकड घट्ट असंही नाही. आयजीजीचा आकडा किती आहे हे प्रमाण सांगतो, अ‍ॅव्हिडिटी दर्जा सांगते.

आता टेस्टकडे, म्हणजे तुम्हाला दिसेल की आम्ही नक्की काय करतो. प्लेटमध्ये ९६ छोट्या वाट्या असतात, आम्ही वेल म्हणतो, त्यांच्या तळाला टॉक्सोचा अँटिजेन चिकटवलेला. मिसेसचं एकच सीरम दोन वेलमध्ये घालतो. अँटिबॉडी असतील तेवढ्या दोन्हीकडे चिकटतात. मग एक वेल साध्या बफरने धुतो आणि दुसरी युरियाने, खतवाला युरियाच तो, पण शुद्ध. पद्धतीप्रमाणे बदलतं, पण नेहमीचं द्रावण ६ मोलरचं, म्हणजे १०० मिलीत ३६ ग्रॅम. किटमध्ये तयार येतं आता, आधी आम्ही हाताने करायचो, आणि युरिया विरघळायला लागला की काचेचं बीकर बर्फासारखं गार पडायचं, बाहेरून घाम फुटायचा त्याला, नवीन आलेली मुलं दचकायची. तर हा युरिया प्रोटीनमधले बारीक बंध ढिले करतो. ज्यांची पकड कच्ची त्या अँटिबॉडी वाहून जातात, ज्यांची पक्की त्या राहतात. पुढे रंग आणायचं रसायन, निळा येतो, आम्ल घातलं की पिवळा, आणि रीडरवर आकडा.

समजा साध्या वेलमध्ये १.६० आलं आणि युरियाच्या वेलमध्ये १.१२, म्हणजे ७० टक्के टिकल्या, ही हाय. दुसऱ्या पेशंटची साधी १.५५ आणि युरियानंतर ०.३१, म्हणजे २० टक्के, ही लो. डोळ्यांनाही कळतं, एक जोडी सारखीच पिवळी, दुसऱ्या जोडीत एक वेल पिवळी आणि एक जवळपास पाण्यासारखी. कुठल्या आकड्याला हाय म्हणायचं ते किटप्रमाणे बदलतं, म्हणून दोन लॅबचे टक्के एकमेकांशी लावू नका. ही कल्पना फिनलंडच्या क्लाउस हेडमन यांच्या गटाने १९८८-८९ मध्ये आधी रुबेलासाठी आणि मग टॉक्सोसाठी वापरात आणली, गरोदरपणातली नेमकी हीच अडचण सोडवायला, कारण टॉक्सोची आयजीएम कधी कधी वर्ष-वर्ष पॉझिटिव्ह राहते आणि तिच्यावरून नवा-जुना कळत नाही.

म्हणजे तुमच्या बाबतीत हिशोब असा. आयजीजी हाय व्हायला निवडीचे ते सगळे फेरे व्हावे लागतात, त्याला साधारण चार महिने धरतात. रक्त नवव्या आठवड्यात घेतलं. चार महिने मागे गेलं की आपण गर्भ राहण्याच्या बऱ्याच आधी पोचतो. म्हणून तुमच्या डॉक्टर म्हणाल्या ते बरोबर, संसर्ग गरोदरपणाच्या आधीचा, आणि आयजीएम ही मागे रेंगाळलेली. हेच रक्त बाविसाव्या आठवड्यात घेतलं असतं आणि हाय आलं असतं तर मी एवढं ठामपणे लिहिलं नसतं, कारण मग चार महिने मागे गेलं तरी आपण गरोदरपणातच असतो. रिपोर्टवर रक्त काढल्याची तारीख आणि तेव्हाचा आठवडा दोन्ही आहेत ना एकदा बघून घ्या, पुष्कळदा आठवडा लिहिलेलाच नसतो.

उलट बाजूही सांगते कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट लो असू शकतो. लो म्हणजे संसर्ग नवा हे सिद्ध होत नाही. काही जणांत ही निवड हळू चालते, वर्षभरही लो राहू शकते, मध्ये औषध चालू झालं असेल तर आणखी लांबू शकते. हाय आलं तर लवकरच्या आठवड्यांत नवा संसर्ग नाकारता येतो, लो आलं तर फक्त पुढे तपासायचं, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त, दोन्ही सीरम एकाच वेळी लावून. काही वर्षांपूर्वी डिचोलीकडचं एक जोडपं नुसता आयजीएम पॉझिटिव्हचा कागद घेऊन आलं होतं, दहावा आठवडा, कुठेतरी त्यांना सांगितलं होतं की मूल ठेवू नका. ती बाई खुर्चीवर बसून पर्सचा पट्टा नुसता पिळत होती. अ‍ॅव्हिडिटी हाय आली, आणि मग तिच्या भावाने माहेरून दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट शोधून आणला, त्यात आयजीजी तेव्हाच पॉझिटिव्ह. एका आयजीएमवर असा सल्ला देणं मला आजही माफ करवत नाही. तुमच्याकडेही जुने कागद असतील तर काढा.

लसींचंही विचारलंत म्हणून थोडक्यात. मोठ्यांना हेपॅटायटिस बीचा तिसरा डोस सहाव्या महिन्यात देतात तो याचसाठी उपयोगी, मधल्या काळात निवड होऊन चांगल्या मेमरी पेशी तयार झालेल्या असतात आणि डोस त्यांनाच उठवतो. टायफॉइडची जुनी लस नुसत्या साखरेच्या साखळीची, साखर टी पेशींना दाखवता येत नाही, मग फिकट भागातली परीक्षाच नीट होत नाही, म्हणून पकड फारशी सुधारत नाही आणि दोन वर्षांखालच्या मुलांत ती चालत नाही, तीच साखर प्रोटीनला जोडली की काम होतं. आणि कुत्रा चावला तर जर्मिनल सेंटरची वाट बघायला वेळच नसतो, म्हणून खोल जखमेत पहिल्याच दिवशी तयार अँटिबॉडी टोचतात आणि लस सोबत सुरू करतात.

राहिलं मांजर. ते सोडू नका. मिसेसची प्रतिकारशक्ती नॉर्मल असेल, स्टेरॉइड वगैरे चालू नसेल, तर आधी होऊन गेलेला टॉक्सो त्यांना राखतो. मांजर स्वतःसुद्धा पहिल्या संसर्गानंतर एक-दोन आठवडे, फार तर तीन, हे जंतू विष्ठेतून टाकतं, आयुष्यभर नाही. आणि टाकल्यावर ते लगेच लागणही करत नाहीत, एक ते पाच दिवस लागतात त्यांना तयार व्हायला, म्हणून त्याचा मातीचा डबा रोजच्या रोज तुम्ही साफ करा, मिसेसना करायला देऊ नका. मटण, पोर्क पूर्ण शिजलेलं असू दे, आणि बाजारातून आणलेली तांबडी भाजी मुळाची माती जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांनी धुवा.